आई-बाबांसाठी कॅनडाच्या समुद्रकाठची कोच टूर घ्यावी का? आधी भरतीची वेळ विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातच राहणारा एक मुलगा विचारतोय की आई ६५ ची, बाबा ७० चे, उन्हाळ्यात तीन महिने बहिणीकडे टोरांटोजवळच्या मिसिसागाला जाणार आहेत, तर तिथून त्यांना नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यू ब्रन्सविक अशी दहा रात्रींची गाइडेड कोच टूर करून द्यावी, की बहिणीने आठवडाभर सुट्टी काढून भाड्याच्या गाडीने फिरवावं? आईचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी, बाबा मासे खातात, इंग्रजी दोघांचंही कामापुरतं. मी एकोणीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून काम करते, बडोदा-सुरतकडची मराठी आणि गुजराती मंडळी घेऊन जाते, या तीन प्रांतांत पाच वेळा ग्रुप नेलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

सरळ सांगते, कोच टूरच द्या. बहिणीने गाडी चालवून फिरवायचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण त्यात तिला स्वतःला काही दिसणार नाही आणि आई-बाबांना निम्मं दिसेल. एक उदाहरण देते. प्रिन्स एडवर्ड आयलंडला जोडणारा कॉन्फेडरेशन ब्रिज १२.९ किलोमीटर लांब आहे, ३१ मे १९९७ ला सुरू झाला, हिवाळ्यात गोठणाऱ्या समुद्रावरचा जगातला सगळ्यात लांब पूल म्हणून तो सांगतात. सगळ्यांना तो बघायचा असतो. पण त्याच्या दोन्ही बाजूंना १.१ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत आहे, म्हणजे कमरेएवढी, आणि कारमधे बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर येतात, त्यामुळे पूल संपेपर्यंत बहुतेक वेळ राखाडी भिंतच दिसते. कोचची सीट उंच असते, भिंतीवरून थेट पाणी दिसतं, दोन्हीकडे. माझ्या ग्रुपमधे एक जोडपं आधी मुलाच्या गाडीतून हाच पूल पार करून गेलेलं होतं, बसमधून दुसऱ्यांदा जाताना काका अर्धे उभे राहिले आणि म्हणाले, अरे, इथे समुद्र होता होय!

नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावरच्या कॅबट ट्रेलचंही तेच. २९८ किलोमीटरचा गोल रस्ता, वर डोंगर आणि खाली अटलांटिक, चढ-उतार आणि वळणं इतकी की चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हलू शकत नाही, संध्याकाळी मूस नावाचं घोड्याएवढं मोठं हरीण आडवं येतं ते वेगळंच. तिथे वर्षानुवर्षं तीच बस चालवणारा माणूस असला की आई-बाबा निवांत बसतात. शिवाय कॅनडात ड्रायव्हरच्या ड्युटीचे नियम कडक आहेत, दिवसाला १३ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि रोज सलग ८ तास विश्रांती घ्यावीच लागते, चांगल्या टूरमधे तर रोजचं ड्रायव्हिंग याच्या पावपट-निम्मंच असतं. सगळी टूर मिळून दोन हजार किलोमीटरच्या आसपास होते. एका आठवड्यात, एकट्या बहिणीने, नोकरीतून थकून येऊन, नको.

कॅबट ट्रेलसाठी एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. कॅनडात गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, त्यामुळे बस घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरली तर समुद्र उजव्या हाताला आणि अगदी कडेला येतो, सुलट फिरली तर समुद्र डावीकडे. बहुतेक कंपन्या रोज सीट बदलतात, दोन-दोन ओळी पुढे-मागे, तर त्या दिवशी आपण कुठल्या बाजूला असणार ते आदल्या संध्याकाळी टूर डायरेक्टरला विचारायला काही हरकत नाही, तो चिडत नाही. आईंना उंचीची भीती असेल तर मात्र डोंगराच्या बाजूची सीट मागून घ्या.

आता मुख्य गोष्ट, कार्यक्रम कसा वाचायचा. लोक जागांची नावं मोजतात, एकाच्या ब्रोशरमधे बावीस जागा आणि दुसऱ्याच्या सोळा, की बावीसवाली घेतली. मी वेळ वाचते. कुठे किती वाजता पोचणार, किती वेळ थांबणार, आणि त्या वेळी तिथे काय चालू असणार.

या टूरचा जीव फंडीच्या आखातात आहे. न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशियाच्या मधे घुसलेलं हे आखात तोंडाशी रुंद, आत निमुळतं आणि उथळ होत जातं, आणि जगातली सगळ्यात उंच भरती इथे येते, आतल्या टोकाला मिनास बेसिनमधे १६ मीटरपर्यंत, म्हणजे पाच मजली बिल्डिंग बुडेल एवढी. बडोद्याच्या माणसाला हे समजवायला मला जास्त बोलावं लागत नाही कारण आपण कावी-कंबोई बघितलेलं असतं. तिथलं समुद्रातलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ, जंबुसर तालुक्यात, भरती आली की पिंड पाण्याखाली आणि ओहोटी लागली की परत दर्शन. खंभातचं आखातही असंच नरसाळ्यासारखं आहे म्हणून पाणी चढतं, भावनगरला मोठ्या उधाणाला १० मीटरच्या वर जातं. फंडीत अजून एक योग जुळलाय. आखाताची लांबी आणि खोली अशी आहे की आत शिरलेलं पाणी टोकाला जाऊन परत यायला साधारण तेवढाच वेळ घेतं जेवढा दोन भरत्यांच्या मधे असतो, १२ तास २५ मिनिटं. घरातला हिंचका आठवा, तो मागे येऊन परत निघाला की नेमका त्याच क्षणी पायाने रेटा द्यायचा, जोर फार लागत नाही पण झोका वाढत जातो. समुद्र त्या आखाताला प्रत्येक भरतीला तसा रेटा देतो.

हे सगळं डोळ्यांनी बघायची जागा म्हणजे होपवेल रॉक्स, मॉन्क्टनपासून चाळीसेक किलोमीटर. फुलदाणीसारखे उंच खडक, माथ्यावर झाडं, आणि खाली पाण्याने घासून घासून कंबर बारीक झालेली. ओहोटीच्या आधी तीन तास ते नंतर तीन तास तुम्ही समुद्राच्या तळावर उतरून त्या खडकांच्या मधून चालू शकता, आणि भरतीला त्याच जागी लोक कयाक वल्हवत असतात. पाण्याचं हे काम अजून थांबलेलं नाही बरं, मार्च २०१६ मधे तिथला एलिफंट रॉक म्हणून प्रसिद्ध खडक रातोरात अर्धा कोसळला, मी आधीच्या ट्रिपला त्याच्यासमोर ग्रुपचा फोटो काढला होता आणि पुढच्या वेळी तिथे ढिगारा होता.

आता बघा, भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आपल्या कोकणातले मच्छीमार तिथीचे पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात त्यामागे हाच हिशोब आहे. मग ज्या ब्रोशरमधे सगळ्या सीझनच्या सगळ्या तारखांना 'सातवा दिवस, सकाळी ११ वाजता होपवेल रॉक्स' असं एकच छापलेलं असतं, तिथे काय होणार? काही बॅच तळावर चालणार, आणि काही बॅच वरच्या रेलिंगपाशी उभं राहून पाण्यातून डोकावणारे झाडांचे शेंडे बघून परत येणार. माझ्या दुसऱ्या ट्रिपला आमचं असंच झालं. जमिनीवरची व्यवस्था एका लोकल एजंटकडे होती, मी दोनदा लिहून विचारलं होतं, हो हो बघतो म्हणाले, आणि आम्ही चौतीस माणसं बरोबर भरतीच्या टोकाला तिथे पोचलो. खाली जायचा जिना बंद. पुढचं सामान सेंट जॉनच्या हॉटेलला निघालेलं, थांबायची सोय नाही. आयुष्यभर पैसे साठवून आलेली माणसं तिथे गप्प उभी होती, मला अजून ते चेहरे आठवतात, आणि तेव्हापासून मी आधी भरती-ओहोटीचं टेबल काढते आणि मग त्याच्याभोवती बाकीचा दिवस बसवते. ही टेबलं वर्षभर आधी तयार असतात, कॅनडा सरकारच छापतं, होपवेल रॉक्सचं पार्कही स्वतःच्या वेळा देतं. कुठल्याही कंपनीला 'अंदाजे सांगता येणार नाही' म्हणायला जागा नाही.

तिसऱ्या ट्रिपला मी मॉन्क्टनला दोन रात्री घेतल्या. ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमाराला होती. दांडिया बाजारातल्या एक काकू होत्या, सत्तरी पार केलेल्या, काठी घेऊन चालायच्या, त्या लोखंडी जिन्याच्या शंभरेक पायऱ्या दोनदा बसून, हळूहळू उतरल्या. खाली लालसर चिखल, गोटे, आणि खडकांवर एका ठराविक उंचीपर्यंत गर्द तपकिरी शेवाळ लोंबत असतं, जाडसर, मधेमधे बोंडांसारखे हवेचे फुगे असलेलं. काकूंनी काठी उंच करून ती शेवाळाची रेघ गाठायचा प्रयत्न केला, काठी निम्म्यापर्यंतही पोचेना. म्हणाल्या, पाणी इथवर येतं? मी म्हटलं, याच्याही वर. त्यांनी ते शेवाळ हातात धरून बघितलं, वास घेतला, ओल्या फुग्यांवर बोट फिरवलं. मग आम्ही मॉन्क्टनला जेवायला गेलो आणि साडेतीनला परत त्याच जागी आलो, या वेळी वर. त्या रेलिंग धरून बराच वेळ उभ्या होत्या. खाली गढूळ चॉकलेटी पाणी, जिन्याच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. मी ज्या दगडावर बसले होते तो कुठला गं, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मला दाखवता येईना.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या तारखेला होपवेल रॉक्सला ओहोटी किती वाजता आहे आणि बस किती वाजता पोचते? दोन आकडे लेखी मागा. जो माणूस तासाभरात उत्तर देतो त्याच्याकडे बाकी सगळंही नीट असतं असा माझा अनुभव आहे, आणि जो गोल गोल बोलतो त्याच्या जेवणाच्या वेळाही गोल गोलच निघतात.

दुसरं बघायचं ते रात्री. दहा रात्रींत हॉटेलं किती? सात-आठ असतील तर सोडून द्या. रोज सकाळी सातला बॅग दाराबाहेर ठेवायची, आठला निघायचं, संध्याकाळी परत नवीन खोली, नवीन गीझर, नवीन स्विच, सत्तरीच्या माणसाला पाचव्या दिवशी आपण कुठल्या गावात आहोत तेच कळत नाही. पाच-सहा हॉटेलं असतील, म्हणजे हॅलिफॅक्स, बॅडेक, शार्लटटाउन, मॉन्क्टन इथे दोन-दोन रात्री, तर उत्तम. बॅडेकसारख्या छोट्या गावांत हॉटेलं जुनी, दुमजली, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, त्यामुळे बुकिंगच्या वेळीच तळमजल्याची खोली लिहून घ्या, तिथे पोचल्यावर मागून मिळत नाही. आणि ब्रोशरमधले शब्द नीट वाचा, 'व्हिजिट' म्हणजे उतरून आत जाणार, 'व्ह्यू' म्हणजे बाहेरून किंवा बसमधून बघणार. केप ब्रेटनवरचा लूइसबर्गचा जुना फ्रेंच किल्ला व्ह्यू असेल तर तो गेला असं समजा. ग्रॅहम बेल म्युझियम मात्र नक्की व्हिजिट असायला हवं, कारण टेलिफोनवाला बेल बॅडेकमधे आयुष्याची कितीतरी वर्षं राहिला, तिथेच १९२२ मधे गेला, आणि त्याच्या लोकांनी बनवलेलं सिल्व्हर डार्ट विमान २३ फेब्रुवारी १९०९ ला तिथल्या गोठलेल्या तलावावरून उडालं, कॅनडातलं ते पहिलं इंजिनवालं उड्डाण. बाबा इंजिनियरिंगवाले असतील तर तिथून त्यांना ओढून आणावं लागेल.

गुडघ्यांचं म्हणाल तर या टूरमधे सगळ्यात त्रासाच्या दोनच जागा, होपवेलचा जिना आणि पेगीज कोव्ह. पेगीज कोव्हचं लाइटहाउस, आत्ताचं १९१५ चं, पांढरं आणि वर लाल, मोठ्या गुळगुळीत ग्रॅनाइटच्या खडकांवर उभं आहे आणि लोक खडकांवरून चालत त्याच्यापर्यंत जातात. आईंना तिथे पाठवू नका. २०२१ पासून तिथे सपाट, व्हीलचेअर जाईल असा प्लॅटफॉर्म झालाय, तिथून लाइटहाउस आणि समुद्र दोन्ही व्यवस्थित दिसतात, फोटोही चांगले येतात. आणि बाबांना हात जोडून सांगा की काळ्या खडकांवर पाऊल ठेवायचं नाही. काळा म्हणजे ओला, म्हणजे लाट तिथवर येते. समुद्र शांत दिसत असताना अचानक एखादी मोठी लाट येते आणि माणूस ओढला जातो, तिथे जीव गेलेत, पाटी लावलेली असूनही लोक सेल्फीसाठी पुढे जातात. मी माझ्या ग्रुपला बसमधेच सांगते की काळ्या दगडावर दिसलात तर उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं.

जेवण. इथे मी जरा जास्त लिहिते कारण अर्ध्या तक्रारी पोटाच्याच असतात. या तिन्ही प्रांतांत जिकडे तिकडे मासे, आणि 'व्हेजिटेरियन' म्हणजे काय ते छोट्या गावातल्या किचनला नीट माहीत नसतं. चाउडर म्हणून जे घट्ट पांढरं सूप येतं त्यात मासे किंवा शिंपले तर असतातच, कॉर्नचं असलं तरी बऱ्याचदा बेकन घातलेलं असतं. फ्राइज बऱ्याच ठिकाणी मासे तळलेल्या तेलातच तळतात. तर आईंसाठी एक कार्ड इंग्रजीत छापून द्या, मांस नाही, मासे नाही, कोंबडी नाही, अंडं चालतं की नाही, मासे तळलेल्या तेलातलं काही नाही, आणि ते वेटरला दाखवायचं. न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत आहे म्हणून मागच्या बाजूला फ्रेंचमधे पण छापा. हॅलिफॅक्स, मॉन्क्टन आणि शार्लटटाउनला भारतीय हॉटेलं आहेत, आपले विद्यार्थी तिकडे खूप गेलेत त्यामुळे हल्ली डाळ-भाताची चिंता शहरांत उरली नाही, केप ब्रेटनच्या दोन दिवसांची तयारी तेवढी हवी. थेपले चार दिवस टिकतात, खाखरा कितीही, भाकरवडी आणि लीलो चेवडो बडोद्याहून न्यावाच, एअरपोर्टवर खाण्याचं जे काही आहे ते फॉर्मवर खरं लिहायचं म्हणजे प्रश्न येत नाही. संध्याकाळी लक्ष ठेवा, छोट्या गावांत किचन लवकर बंद होतं, साडेआठला जेवू म्हटलं तर बिस्किटांवर झोपावं लागतं, डायबेटिस असेल तर हे विसरून चालणार नाही.

आणि प्रिन्स एडवर्ड आयलंडचा बटाटा! त्या बेटाची माती लोखंडाच्या गंजामुळे लालभडक आहे, आपल्या कोकणातल्या तांबड्या मातीची आठवण यावी इतकी, आणि तिथला बटाटा सगळ्या कॅनडात जातो. भाजलेला बटाटा, वर लोणी आणि मीठ, उपासालाही चालतो, आमच्या ग्रुपमधल्या बायकांनी गुरुवार-शनिवार त्याच्यावर काढलेत.

बाबांसाठी लॉब्स्टर सपर. बेटावर मोठ्या हॉलमधे लांब टेबलं, गळ्यात प्लॅस्टिकचा बिब बांधतात, सोबत पाव, बटाटा, कोलस्लॉ, आणि ताटात एक अख्खा लाल लॉब्स्टर, पाऊंड-दीड पाऊंडाचा. मासे खाणाऱ्या आपल्या माणसाला पण पहिल्यांदा कळत नाही सुरुवात कुठून करायची. आधी नांग्या पिळून वेगळ्या करायच्या, अडकित्त्यासारख्या चिमट्याने फोडायच्या, मग शेपूट मुरगळून काढायची आणि काट्याने मागून ढकलली की मांस एका तुकड्यात बाहेर येतं. वितळलेलं लोणी देतात, मसाला काहीच नाही. तर खिशात लिंबू-मिरचीची एक पुडी असू द्या, एका काकांनी मालवणी मसाला नेला होता आणि शेवटी आमच्या ड्रायव्हरनेही तो मागून घेतला. आई शेजारी बसणार असतील तर आधीच सांगून ठेवा की अख्खा प्राणी ताटात येतो, नाहीतर त्यांचं जेवण होत नाही, वेगळ्या टेबलाची सोय आनंदाने करून देतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, चहा. तिकडच्या हॉटेलच्या खोलीत कॉफी मशीन असतं, किटली बहुतेक नसते. आणि आपली इथली किटली नेऊन उपयोग नाही, तिकडे वीज १२० व्होल्टची, २३० वाली किटली पाणी कोमट करत अर्धा तास बसते. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी छोटी ट्रॅव्हल किटली आणि चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर, बाकी काही विसरलं तरी हे विसरू नका. सकाळी साडेसहाला आपल्या हातचा आल्याचा चहा मिळाला की आई दिवसभर हसऱ्या राहतात, हे मी शेकडो आयांवरून सांगते.

कधी जायचं? जूनमधे धुकं फार, पेगीज कोव्हला जाऊन लाइटहाउस न दिसलेली बॅच मी नेलेली आहे. जुलै-ऑगस्ट हवा छान, वीस-पंचवीस डिग्री, पण वारा असतोच, म्हणून एक वाऱ्याचं जॅकेट आणि कानाला रुमाल. पानांचे रंग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात केप ब्रेटन पेटल्यासारखं दिसतं, खरंच बघण्यासारखं आहे. पण आपल्या घरांत त्या वेळी काय असतं ते बघा, गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र, आणि नवरात्रात बडोदं सोडायला कोण तयार होतं! शिवाय सप्टेंबरमधे वादळांची शेपटं तिकडे पोचतात, २४ सप्टेंबर २०२२ ला फियोना आलं तेव्हा प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या किनाऱ्यावरचा टीकप रॉक नावाचा खडक वाहून गेला, पत्ताच लागला नाही. तुमचे आई-बाबा उन्हाळ्यातच तिकडे असणार आहेत, तर जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत गेलात तर श्रावण लागतो, आणि बाबा श्रावण पाळत असतील तर लॉब्स्टरच्या हॉलमधे त्यांनाही बटाटाच खावा लागेल, हे आधी त्यांना विचारून घ्या.

हॅलिफॅक्समधे पूर्ण दिवस मिळायला हवा. सिटाडेल किल्ल्यावर रोज दुपारी बाराला तोफ उडवतात, कान झाकायला सांगा. टायटॅनिक १९१२ मधे बुडाली तेव्हा प्रेतं शोधायला जहाजं याच बंदरातून गेली, दीडशे जणांना याच शहरात पुरलंय, त्यातले १२१ फेअरव्ह्यू लॉन स्मशानात, थडग्यांच्या ओळी वाकून जहाजाच्या नाकासारख्या झाल्यात. त्यात एका तान्ह्या मुलाचं थडगं आहे, नाव माहीत नव्हतं म्हणून ज्या जहाजावरच्या खलाशांना तो सापडला त्यांनीच पैसे काढून दगड उभा केला, आणि २००७ मधे डीएनए तपासणीवरून तो एकोणीस महिन्यांचा कोण होता ते कळलं. त्याचे बूट मॅरिटाइम म्युझियममधे ठेवलेत, माझ्या तळहातात मावतील एवढे. तिथे मी काही बोलत नाही, मंडळींना त्यांचा वेळ देते.

लुनेनबर्गला जाताना मी सकाळी बसमधे प्रत्येकाच्या हातात दहा सेंटचं एक नाणं ठेवते. त्यावर शिडाचं जहाज आहे, ब्लूनोज, १९२१ मधे याच गावात बांधलेलं, मासेमारीचं आणि शर्यती जिंकणारं. मूळ जहाज नाही राहिलं, १९६३ मधे बांधलेली त्याची प्रतिकृती, 'ब्लूनोज टू', बंदरात असली तर नाणं वर धरून शिडं जुळवून बघता येतात. गाव १७५३ चं, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत, लाल-पिवळी-निळी लाकडी घरं, आणि रस्ते मात्र चढाचे, आईंना खालच्या धक्क्यावरच बसवा.

आता एक गोष्ट जी ब्रोशरमधे दोन ओळींत असते आणि मला सगळ्यात जवळची वाटते. कॅबट ट्रेलवर पश्चिमेला शेटिकँप नावाचं गाव येतं, तिथे विजेच्या खांबांवर, टपालपेट्यांवर, घरांच्या भिंतींवर फ्रान्सचा निळा-पांढरा-लाल झेंडा आणि त्यावर पिवळा तारा दिसतो. ही अकेडियन लोकं. सतराव्या शतकात फ्रान्सहून येऊन इथे शेती करत होती, १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना जहाजांत भरून देशोधडीला लावलं, दहा हजारांहून जास्त माणसं, घरं जाळली, कुटुंबं तुटली. काही वर्षांनी थोडी परत आली, चांगल्या जमिनी दुसऱ्यांना दिलेल्या होत्या, म्हणून अशा कोपऱ्यांत वसली. आणि आजही घरात फ्रेंच बोलतात, त्यांची स्वतःची फ्रेंच, पॅरिसवाल्याला नवल वाटावं अशी. पलीकडच्या गावांत तसंच स्कॉटलंडची गेलिक, रस्त्यांच्या पाट्यांवर पण आहे. आपण बडोद्याचे मराठी, पुण्याच्या माणसाला आपली मराठी ऐकून दोन मिनिटं विचार करावा लागतो, घरात आमटी आणि बाहेर केम छो, मधे गुजराती शब्द कधी शिरले ते आजीलाही सांगता यायचं नाही, पण गणपतीची आरती चुकलेली नाही. आपल्यावर त्यांच्यासारखं संकट आलं नाही, आपल्याला इथे मानाने बोलावलं, वसवलं, तरी दूरच्या मुलखात भाषा घरात जपणं म्हणजे काय ते आपल्याला आतून कळतं. शेटिकँपला एका दुकानात लोकरीचे हुक मारून गालिचे बनवणारी म्हातारी बसली होती, तिला आमच्यातल्या एका काकूंनी खुणेनेच विचारलं, हे कुणी शिकवलं, तिने गालिच्यावर हात ठेवून आधी वर आणि मग मागे बोट दाखवलं, आईने, आणि तिच्या आईने. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि अर्धा तास गप्पा झाल्या. तर इंग्रजी कामापुरतं आहे याची अजिबात काळजी करू नका. टूर डायरेक्टर मायक्रोफोनवर बोलतो ते सगळं कळलं नाही तरी चालतं, तुम्ही रोजचा कार्यक्रम मराठीत एका पानावर लिहून द्या, बहिणीचा नंबर आणि हॉटेलची नावं त्यावरच.

पैशाचं थोडक्यात. मेन्यूवरच्या किमतीत टॅक्स नसतो, नोव्हा स्कोशियात १४ टक्के आणि बाकी दोन प्रांतांत १५ टक्के वर लागतो, त्यावर टिप. टूर डायरेक्टर आणि ड्रायव्हरची टिप रोजची माणशी धरून आधीच पाकिटात वेगळी काढा. व्हेल बघायची बोट वगैरे ऑप्शनल असतं, बोट हलते, आईंना मळमळ होत असेल तर तेवढे पैसे वाचवा. मेडिकल इन्शुरन्समधे बीपी-शुगर आधीपासून आहे हे लपवू नका, लपवलंत तर क्लेम तिथेच अडकतो. गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठी बॅग दिवसभर बसच्या पोटात असते आणि ड्रायव्हर रस्त्यात ती काढून देत नाही. टोरांटोहून हॅलिफॅक्स विमानाने दोन-सव्वादोन तास, घड्याळ तिथे एक तास पुढे करायचं, आणि टूर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पोचवा, त्याच दिवशी नको.

बहिणीची ती आठवडाभराची सुट्टी वाया घालवू नका, तिला टूरनंतर हॅलिफॅक्सला बोलवा, तीन दिवस तिघं मिळून कुठेही न पळता राहू देत.

आणि आई-बाबा निघायच्या आधी एखाद्या रविवारी त्यांना गाडीत घालून कावी-कंबोईला घेऊन जा. भरतीची वेळ विचारून निघा, पिंड बुडेपर्यंत थांबा, दोघांना काठावर बसवा आणि पाणी पायरीवरून पायरी कसं चढतं ते बघू द्या, जेवणाचा डबा सोबत न्या कारण मधे बराच वेळ जातो.